तेलाची संसाधने आणि तेलाचे साठे: भागाकार करण्यापूर्वी

भारतात ४,१८७ कोटी टन तेल आणि वायू असल्याचा आकडा कुणाच्या तरी हाती लागतो, त्याला वर्षाच्या सुमारे २३ कोटी टन खपाने भागले जाते आणि सुमारे एकशेऐंशी वर्षांची ददात मिटल्याचे जाहीर होते. हा भागाकार गोव्यातल्या वाचकाने तरी करू नये.

साठा म्हणजे सापडलेले, आजच्या तंत्राने फायद्यात काढता येणारे आणि अजून काढायचे राहिलेले तेल, हे बहुतेकांना ठाऊक असते. सिद्ध साठ्याइतके तरी तेल हाती येण्याची शक्यता ९० टक्के धरतात, हेही नवे नाही. भारतात खनिज तेलाचा साठा सुमारे ६५ कोटी टन आहे.

४,१८७ कोटी टनांचा आकडा मात्र वेगळ्या जातीचा, म्हणजे संसाधनाचा आहे. केंद्राचे हायड्रोकार्बन महासंचालनालय आणि ओएनजीसी व ऑइल इंडिया या सरकारी तेल कंपन्या यांच्या संयुक्त गटाने २०१७ मध्ये पूर्ण केलेला २६ गाळखोऱ्यांचा, म्हणजे गाळाचे खडक साचलेल्या खोलगट भागांचा, तो अंदाज आहे. भूकंपलहरींचे सर्वेक्षण, तेल जन्माला घालणाऱ्या खडकांचा तापमान-इतिहास आणि सारख्या ठेवणीच्या परिचित खोऱ्यांशी तुलना यांवरून भूगर्भात मुळात किती असावे, हे त्यात मांडले आहे. न सापडलेलेही त्यात धरले आहे. त्यातले वर किती येईल, हा प्रश्न वेगळा. आधीचा २,८०८ कोटींचा अंदाज १५ खोऱ्यांपुरता होता, त्यामुळे आकडा फुगला तो नवे तेल सापडल्याने, असे मानणे चूक आहे.

खरा गोंधळ याच्या पुढे आहे. संसाधन म्हणजे अंधुक माहिती आणि साठा म्हणजे पक्की माहिती, एवढाच फरक अनेक जाणती माणसेही सांगतात, आणि मला तो अर्धवट वाटतो. विहीर खणून, दाब मोजून, नमुने तपासून थेंबाथेंबाचा हिशेब लागलेले तेलसुद्धा साठ्यात धरता येत नाही, जर ते काढण्याचा व्यवहार्य प्रकल्प, परवानगी किंवा परवडणारा भाव नसेल. अशा तेलाची गणना सशर्त संसाधनात होते. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा डिचोली-सांग्यातले लोहखनिज तसूभरही हलले नव्हते आणि त्याबद्दलची माहितीही कमी झाली नव्हती. गेला होता तो ते काढण्याचा अधिकार. उलट दिशेचे उदाहरण डंपांचे. टाकाऊ म्हणून रचलेल्या कमी प्रतीच्या मातीला चीनच्या मागणीने भाव आला आणि तीच माती बोटींत भरली जाऊ लागली. संयुक्त राष्ट्रांच्या संसाधन-वर्गीकरणात म्हणूनच तीन स्वतंत्र अक्ष असतात: पर्यावरणीय-सामाजिक-आर्थिक व्यवहार्यता, प्रकल्पाची तयारी आणि भूगर्भीय खात्री. आपल्याकडचे बातमीदार तिसरा अक्ष तेवढा पाहतात, तोही घाईत.

तेलाचा भाव कोसळला की जमिनीखाली काहीही न बदलता साठे आकसतात, ते याच कारणाने. आणि संसाधनांचा अंदाजही कोसळू शकतो: कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी शेल या थरदार खडकामधून काढता येण्याजोग्या तेलाचा अंदाज अमेरिकी सरकारच्या ऊर्जा माहिती संस्थेने २०१४ मध्ये १,३७० कोटी पिंपांवरून ६० कोटींवर आणला.

गोव्यासमोरचा समुद्र केरळ-कोकण खोऱ्यात मोडतो. सरकारी प्रतवारीत हे खोरे तिसऱ्या श्रेणीत आहे, म्हणजे जिथे तेल-वायू असण्याची शक्यता तेवढी मांडलेली असून शोध अजून लागायचा आहे. तेव्हा त्याच्या नावापुढे छापलेला कोणताही आकडा भागाकाराला घेऊ नये.