मंदावलेला संगणक नेमकी कशाची वाट पाहतो?

घरातला संगणक मंदावला की पहिला संशय फाइलींवर जातो आणि जागा मोकळी करण्याच्या घाईत मुलांच्या लहानपणीची छायाचित्रेही पुसली जातात. हा संशय बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि म्हणूनच असे नुकसान मनाला लागते. डिस्कवर नुसते पडून असलेले छायाचित्र प्रोसेसरचे काम वाढवत नाही. डिस्क काठोकाठ भरत आली असेल, तेव्हाच जागेचा प्रश्न वेगापर्यंत पोहोचतो.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती कामात आहे हे दाखवणारी खिडकी, उघडतो. संगणक अडकून बसला असेल नेमका त्याच वेळी तो पाहावा. जुन्या संगणकात पुष्कळदा असे दिसते की प्रोसेसरचा वापर जेमतेम १० टक्के आहे आणि डिस्कचा रकाना मात्र १०० टक्क्यांवरून हलत नाही. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत आहे.

ही वाट केवढी मोठी असते, याचा अंदाज सहसा येत नाही. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेऱ्यासाठी सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचकदांडीच्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो आणि दांडी योग्य जागी सरकण्यात आणखी वेळ जातो, असे मिळून साधारण १५ मिलिसेकंद होतात. रॅममधून, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीतून, तीच माहिती १०० नॅनोसेकंदांच्या आसपास मिळते. रॅमचा हा वेळ एक सेकंद धरला, तर हार्ड डिस्कला त्याच मापाने पावणेदोन दिवस लागतील, आणि फिरणारा एकही भाग नसलेल्या एसएसडी या प्रकारच्या डिस्कला सुमारे सतरा मिनिटे.

रॅम अपुरी पडली की संगणक तिच्यातला काही मजकूर डिस्कवर ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. ब्राउझरमध्ये बरीच पाने उघडल्यावर नुसती खिडकी बदलायलाही डिस्क घरघरत राहते, ती या ने-आणीमुळे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा सतत ९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम वाढवावी. मेमरी मोकळी असूनही हार्ड डिस्क अडकत असेल, तर एसएसडी बसवण्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. त्याआधी, संगणक सुरू होताना आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम स्टार्टअपच्या यादीतून बंद करावेत. यात एकही फाइल पुसली जात नाही आणि ते केव्हाही पुन्हा सुरू करता येतात. तात्पुरत्या फाइली काढतानाच्या यादीत डाउनलोड्स फोल्डरचेही नाव असते; त्यापुढे खूण नाही ना, हे आवर्जून पाहावे.

मात्र डिस्क खराब होऊ लागल्यामुळेही मंद झालेली असू शकते. एखादा भाग नीट वाचता येईना की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि तोवर संपूर्ण संगणक थिजल्यासारखा होतो. अधूनमधून टकटक आवाज येत असेल, तर साफसफाई किंवा डीफ्रॅगच्या (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र जुळवण्याच्या) फंदात न पडता सर्वांत मोलाच्या फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात, कारण अशी डिस्क आणखी किती वेळ साथ देईल याचा भरवसा नसतो.

डिस्क निरोगी असली तरीही बॅकअप आधी आणि बदल नंतर, हाच क्रम ठेवावा. इंटरनेटवरच्या साठ्याशी जुळवून ठेवलेल्या फोल्डरला बॅकअप मानू नये, कारण संगणकावर पुसलेली फाइल तिथूनही जाते. कॉपी झाल्यावर निरनिराळ्या फोल्डरांतली दहाबारा छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवरून, शक्यतो दुसऱ्या संगणकावर, उघडून पाहावीत. नाव दिसणे आणि चित्र उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे क्लोन, एसएसडीवर करता येते, आणि नव्या एसएसडीवर सगळे सुरळीत चालते याची महिनाभर खात्री पटेपर्यंत जुनी डिस्क न पुसता तशीच बाजूला ठेवावी.