बेसिनखालचे दोन इंच पाणी

वॉश बेसिनमधून कुबट वास येऊ लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत उपाय ठरलेले असतात. जाळीवर डांबराच्या दोन गोळ्या ठेवायच्या, फिनेल ओतायचे आणि तरीही वास हटला नाही तर अ‍ॅसिडची बाटली रिकामी करायची. मोबाईलवर फिरणाऱ्या सोडा-लिंबाच्या व्हिडिओंनी त्यात भर घातली आहे. वास येतो त्या अर्थी बेसिन अस्वच्छ आहे, असे या सगळ्यांत गृहीत धरलेले असते. वस्तुतः गटारात किंवा सेप्टिक टाकीत दुर्गंधी वायू अखंड तयार होत असतात, आणि अगदी चकचकीत बेसिनमधूनही ते घरात येऊ शकतात. त्यांना अडवते ते बेसिनच्या खालच्या वळणात साठून राहिलेले जेमतेम दोन इंच पाणी.

बेसिनखाली दिसणारा पेल्यासारखा भाग म्हणजे बॉटल ट्रॅप. वरून येणारी नळी त्याच्या आत पाण्यात बुडलेली असते आणि बाहेर जाणारी वाट त्याहून वरच्या पातळीवर असते, त्यामुळे कितीही पाणी वाहून गेले तरी नळीचे तोंड बुडेल इतके पाणी मागे उरतेच. वाकवलेल्या नळीत पाणी अडवून वास रोखण्याच्या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर कमिंग या लंडनमधील घड्याळजीने १७७५ मध्ये घेतले. त्या युक्तीत फिरणारा एकही भाग नाही, आणि माझ्या मते घरबांधणीतील इतकी साधी आणि इतकी उपकारक कल्पना दुसरी नाही.

या पाण्याची ताकद किती, हे मोजता येते. ५० मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ सुमारे ४९० पास्कल दाब तोलून धरतो. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावात हवेचा दाब सुमारे ९२ हजार पास्कल असतो, म्हणजे आपले रक्षण करणारी ही भिंत हवेच्या दाबाच्या अवघ्या अर्ध्या टक्क्याइतकी आहे. आता समजा, मुसळधार पावसात चेंबर तुंबले आणि पाइपमधील हवा दाबली गेली. ट्रॅपमधील पाणी बेसिनच्या बाजूला थोडे वर चढेल, कदाचित एखादा बुडबुडा येईल, आणि दाब ओसरताच पाणी पुन्हा खाली बसेल. उलट बाजूने ओढ बसली तर मात्र असे होत नाही. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की उभ्या पाइपमधून कोसळणारे पाणी आपल्यामागे हवा ओढत नेते, तेथील दाब क्षणभर कमी होतो आणि ट्रॅपमधील पाणी काठ ओलांडून पलीकडे सांडते. सांडलेले पाणी परत येत नाही. म्हणून ढकलणाऱ्या दाबापेक्षा ओढणारा दाब अधिक घातक असतो, आणि म्हणूनच उभा पाइप गच्चीच्या वर नेऊन त्याचे तोंड उघडे ठेवावे लागते, म्हणजे लागणारी हवा ट्रॅपमधून ओढली न जाता वरून मिळते. ‘उगाच उंच गेलेला पाइप’ म्हणून तो कापून बुच मारणारे पुष्कळ भेटतात. डासांसाठी त्यावर जाळी बांधली तर पुरते.

पाणी जाण्याची दुसरी वाट बाष्पीभवनाची. मुले पुण्या-मुंबईला नोकरीला, आई-वडीलही त्यांच्याकडे गेलेले आणि घर चैत्र-वैशाखात कुलूपबंद, अशी स्थिती सीमाभागातील अनेक घरांची असते. कोरड्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत हे पाणी उडून जाते, आणि न्हाणीघराच्या जमिनीतील नहाणी ट्रॅपचेही तेच होते. दार उघडताच येणाऱ्या त्या उग्र वासाला वास्तुदोष ठरवून कोपऱ्यात मिठाची वाटी ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मीठ हे वायू शोषून घेत नाही. मगभर पाणी ओतले की वाट बंद होते. घर बंद करून जाताना ट्रॅपमध्ये वरून चमचाभर गोडेतेल सोडले, तर त्याचा तवंग बाष्पीभवन मंदावतो.

पाणी ओतूनही वास कायम राहिला, तर दोष ट्रॅपच्या अलीकडच्या भागात शोधावा. केस, थुंकी, टूथपेस्ट आणि बोअरच्या जड पाण्यात साबणाचा होणारा चिकट साका यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो. त्याच्या आतल्या भागात ऑक्सिजन पोहोचत नाही. तेथील काही जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. नासक्या अंड्यासारखा वास असलेला हा वायू अब्जांश प्रमाणातही नाकाला कळतो. हा थर घासल्याशिवाय सुटत नाही. खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपचा पेला हाताने फिरवून काढावा, केस ओढून घ्यावेत, आतून ब्रश मारावा; बेसिनच्या वरच्या कडेजवळचे ओव्हरफ्लोचे भोक बहुतेक जण विसरतात, तेही घासावे. पेला परत बसवल्यावर पाणी सोडून ट्रॅप भरून घ्यावा.

सोडा आणि लिंबू एकत्र केल्यावर येणारा फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि खाली उरते ते बहुतांशी खारट पाणी. अ‍ॅसिड मात्र खरोखर धोक्याचे आहे. ब्लीचवर पडले तर विषारी क्लोरीन बाहेर पडतो, आणि साचलेल्या गाळावर पडले तर त्यातील सल्फाइडपासून हायड्रोजन सल्फाइडच मोकळा होतो. उकळते पाणीही टाळावे, कारण पीव्हीसीचे पाइप त्याने नरम पडतात; हाताला सोसेल इतके गरम पुरते.

एवढे करूनही वास आला तर बेसिनची लवचिक नळी भिंतीत किंवा जमिनीत शिरते तो सांधा पाहावा. कित्येक घरांत ही नळी नुसती भोकात खुपसलेली असते, आणि ट्रॅपला बगल देऊन गटाराची हवा त्या फटीतून सरळ आत येते. तेथे रबरी कॉलर बसवून घेण्याचे काम प्लंबरसाठी काही मिनिटांचे असते.