कोल्हापूरचं संगीत नेमकं कोणतं?

खासबागेत कुस्ती रंगात आली की हलगी कडाडते. मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं तेव्हा अख्खं शहर हळहळलं. जवळच शास्त्रीय संगीताची १८८३ ची संस्था, देवल क्लब. एवढ्याशा परिसरात तीन तऱ्हेचं संगीत नांदलं, पण ‘कोल्हापूरचं संगीत’ म्हटलं की नाव निघतं ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांचं. ते योग्यच आहे. राजस्थानातल्या उनियाऱ्याचे खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला आले आणि महाराजांच्या निधनापर्यंत, १९२२ पर्यंत, इथलेच झाले. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. हलगी वाजवणाऱ्या मातंग, महार समाजातल्या पिढ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

ही उणीव जिला खुपते ती विद्याशाखा म्हणजे एथ्नोम्युझिकॉलॉजी, संगीत आणि ते जगणारी माणसं यांचा एकत्र अभ्यास. हे नाव डच अभ्यासक याप कुन्स्ट यांनी १९५० मध्ये रूढ केलं. त्याआधीचे युरोपीय अभ्यासक देशोदेशीची स्वरांतरं मोजून तुलना करत. नंतर प्रश्न बदलले: कोण वाजवतो, कुणासाठी, शिकला कुणाकडे, बिदागी किती, आणि मांडवात त्याला बसायला जागा कुठे?

मराठीत ही दृष्टी रुजवली ती अशोक दा. रानडे यांनी. ते उत्तम गवई होते, म्हणून त्यांचं म्हणणं मला अधिक मोलाचं वाटतं. आदिम, लोक, भक्ती, कला आणि जन (म्हणजे लोकप्रिय) अशा संगीताच्या कोटी, म्हणजे वर्ग, त्यांनी मांडल्या. त्यात कुणी वरचा, कुणी खालचा नाही. प्रत्येकीचे निकष वेगळे. हलगीला ख्यालाची फूटपट्टी लावायची नाही, हे त्यातून आपोआप येतं.

जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर राहिले, बिरोबाच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. धनगरी ओवीत थोडं गायचं आणि मग तीच कथा बोलून सांगायची. नुसतं गाणं टिपलं तर अर्धी ओवी हातातून निसटते.

जोतिबाच्या चैत्र यात्रेतही तेच. उंच सासनकाठी तोलत नाचवणाऱ्याचे पाय आणि हलगीचा ठेका एकमेकांना धरून चालतात. विद्यार्थ्यानं रेकॉर्डर जरूर न्यावा, पण आधी गुलालात उभं राहून ते पाय बघावेत.