परदेशी शिक्षणाचा खर्च : राजाश्रयापासून तारणापर्यंत

परदेशी शिकायला जाण्याची चर्चा आपल्याकडे बहुधा विद्यापीठांच्या क्रमवारीपासून सुरू होते आणि व्हिसापाशी संपते. खर्च कोणी उचलला आणि त्याबदल्यात काय लिहून घेतले, या अंगाने पाहिले तर मात्र मराठी मुलखातील या प्रवासाचा इतिहास अधिक नीट उलगडतो.

समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जात असताना १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्यांच्या पाठीशी संस्थान नव्हते. दागिने विकून आलेले पैसे, थोडी वर्गणी आणि न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी देऊ केलेले घर, एवढाच आधार होता. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत परतलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षात वारल्या. त्या नेमणुकीचे काम त्यांच्या हातून सुरूही होऊ शकले नाही.

पुढच्या काळातले आकर्षण मुख्यतः विलायतेचे होते, आणि ते निव्वळ ज्ञानाचे नव्हते. आय.सी.एस.ची, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातील वरिष्ठ सरकारी नोकरीची, परीक्षा १९२२ पर्यंत फक्त लंडनमध्येच होत असल्याने, बोटीचे भाडे ज्याला परवडत नाही त्याला ती वाट बंदच होती. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली मदत परतफेडीच्या बोलीवर होती. संस्थानिकांची शिष्यवृत्ती मात्र नोकरीच्या करारावर मिळे.

या कराराचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. आंबेडकरांचे आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची चाकरी करण्याचे बंधन त्यांच्याकडून लिहून घेतले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. करून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये तिथला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले, तेव्हा परदेशात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून त्यांनी एका पारशी पथिकाश्रमात आसरा घेतला आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले. परदेशातून आणलेली पदवी गावच्या वेशीत कितपत चालते, हा प्रश्न आज आपण पगाराच्या आकड्यांत विचारतो. त्यांच्यापुढे तो निवाऱ्याच्या रूपात उभा राहिला होता. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेली उसनवारी यांच्या जोरावर.

स्वातंत्र्यानंतर विलायतेची जागा हळूहळू अमेरिकेने घेतली. १९६५ च्या कायद्याने तिथले स्थलांतराचे दार रुंदावले, आणि परकीय चलनाच्या टंचाईमुळे खिशात आठ डॉलर घेऊन उतरलेल्यांच्या गोष्टी पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत अजून सांगितल्या जातात. त्या गोष्टींत एक तपशील सहसा गळतो : यांपैकी अनेकांची फी विद्यापीठाच्या असिस्टंटशिपने, म्हणजे तिथेच अध्यापन वा संशोधनात साहाय्य करण्याच्या मोबदल्यात, भागत असे.

आज 'एम.एस.ला', म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, निघालेल्या बहुतेकांचे तसे नाही. २००१ मध्ये बँकांसाठी शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली आणि संस्थानिकाच्या जागी बँक आली. मोठ्या रकमेसाठी ती तारण मागते. म्हणजे वडील सहकर्जदार म्हणून सही करतात आणि फ्लॅटची मूळ कागदपत्रे शाखेत जमा होतात. बडोद्याच्या करारात परतण्याचे बंधन होते; या करारात ते नाही, पण त्याचे गणित बहुधा न परतण्यावरच बसवलेले असते. हप्ता रुपयांत, कमाई डॉलरमध्ये, असे असले तरच तो सुसह्य होतो.

म्हणूनच अभ्यासक्रमाइतकेच वजन त्यानंतरच्या कामाच्या परवान्याला आले आहे. ब्रिटनने शिक्षणोत्तर कामाची सवलत २०१२ मध्ये काढून घेतली आणि २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी नव्या रूपात पुन्हा दिली. अमेरिकेत २०१६ पासून विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना एकूण तीन वर्षांपर्यंत काम करता येऊ लागले, मात्र पुढचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा वर्षाला ८५,००० च्या मर्यादेत आणि सोडतीवर. कॅनडाने २०२४ च्या आरंभी, राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर नेली आणि त्याच महिन्यात विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवरही मर्यादा घातली. हे नियम बदलतात तेव्हा फ्लॅटची कागदपत्रे शाखेतच असतात, आणि अभ्यासक्रमानंतरची सवलतीची मुदत सरली की, नोकरी लागो वा न लागो, हप्ता सुरू होतो.