वायफायवर हे कोण? राउटरची यादी कशी वाचावी

राउटरच्या सेटिंग्जमध्ये 'कनेक्टेड डिव्हाइसेस' नावाची एक यादी असते. ती उघडली की दोनांपैकी एक प्रकार हमखास होतो. एक तर कधी न ऐकलेलं नाव दिसतं, नाहीतर डोळ्यांसमोर छापत असलेला प्रिंटर यादीत सापडत नाही. मूळ बहुतेकदा एकच असतं. अनेक राउटरवरची ही यादी म्हणजे हजेरीपट नव्हे, चाव्या दिल्याची नोंदवही आहे.

उपकरण जोडलं गेलं की ते राउटरकडे आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आपला क्रमांक, मागतं आणि राउटर तो ठरावीक मुदतीसाठी देतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. मुदत, म्हणजे लीज, बऱ्याच राउटरवर २४ तासांची असते. त्यामुळे सकाळी निघून गेलेल्या पाहुण्याचा फोन रात्रीही यादीत दिसू शकतो. उलट, ज्या प्रिंटरमध्ये पत्ता हातानं टाकलेला आहे त्यानं राउटरकडे काही मागितलेलंच नसतं, म्हणून त्याची नोंदही नसते. राउटरवर 'वायरलेस क्लायंट्स' अशी वेगळी यादी असेल तर ती आधी बघावी. त्या क्षणी रेडिओनं जोडलेली उपकरणं तिथे सिग्नलसकट दिसतात.

अनोळखी ओळीत सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे मॅक पत्ता, उपकरणाच्या वायफाय किंवा केबलच्या जोडणीचा ओळखक्रमांक. नावावर विसंबू नये, कारण नाव उपकरण स्वतःच सांगतं आणि ते कुणालाही बदलता येतं. मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो आणि ० ते ९ व ए ते एफ यांपैकी १२ चिन्हांत लिहितात. पहिली सहा चिन्हं सहसा उत्पादकाची असतात. ती आयईईई ही संस्था वाटून देते आणि तिची नोंद कुणालाही ऑनलाइन शोधता येते. समजा, पत्ता २४:०ए:सी४ असा सुरू होतो. शोधल्यावर उत्तर येतं 'एस्प्रेसिफ'. या नावाची वस्तू घरात कुणी आणलेली नसते आणि घबराट नेमकी इथे सुरू होते. एस्प्रेसिफ ही शांघायची चिप बनवणारी कंपनी आहे. तिच्या ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ या चिप कितीतरी स्मार्ट प्लग, दिवे आणि स्विचमध्ये बसवलेल्या असतात. खोक्यावर नाव एकाचं, आतली चिप दुसऱ्याची. लॅपटॉप आणि टीव्हीच्या बाबतीत असंच मुराता, लाइटऑन, अझुरवेव्ह किंवा होन हाय हे नाव समोर येतं. बी८:२७:ईबी असेल तर मात्र तर्क करायची गरज नाही, तो रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे.

शोधूनही उत्पादक सापडला नाही, तर पत्त्याचं डावीकडून दुसरं चिन्ह बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्यात दिलेला नाही, सॉफ्टवेअरनं तयार केलेला आहे. पहिल्या आठ बिटांतलं एक बिट खास या खुणेसाठी राखून ठेवलेलं आहे, आणि ते लावलेलं असलं की दुसऱ्या जागी हीच चार चिन्हं येऊ शकतात. दुकानं, विमानतळ अशा ठिकाणच्या वायफायनं माणसाचा माग काढू नये म्हणून अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, यादृच्छिक पत्ता वापरू लागले. म्हणून ६ए किंवा डीई असं काही सुरू होणारं निनावी उपकरण दिसलं तर पहिला संशय घरच्याच फोनवर घ्यावा. फोनमध्ये नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडलं, किंवा फोन रिसेट केला, तर पत्ता बदलू शकतो आणि एकच फोन यादीत दोनदा दिसू लागतो.

खातरजमा करायला दोन मिनिटं पुरतात. आयफोनवर सेटिंग्ज, वायफाय, मग नेटवर्कच्या नावाशेजारचं 'आय' चिन्ह. तिथे 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस' असतो आणि सध्या वापरात असलेला पत्ताही. अँड्रॉइडवर त्याच नेटवर्कच्या तपशिलात 'प्रायव्हसी' खाली हा पर्याय सापडतो. घरच्या नेटवर्कपुरता तो बंद केला किंवा 'फिक्स्ड' ठेवला तर यादी स्थिर राहते. मुलांच्या फोनवर वेळेची मर्यादा राउटरमधून लावली असेल तर हे करावंच लागतं, कारण ती मर्यादा मॅक पत्त्याला बांधलेली असते.

आता, खरोखर कोण हजर आहे हे कसं कळायचं? पिंग करून, म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवून, बघणं पुरेसं नाही. विंडोजच्या फायरवॉलसारखी फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही आणि चालू संगणकही गैरहजर वाटतो. त्याच्या खालच्या पातळीवर एआरपी आहे, १९८२ साली प्रमाणित झालेला. 'हा आयपी पत्ता कुणाचा?' असा पुकारा नेटवर्कभर होतो आणि ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता कळवतो. या प्रश्नावर गप्प बसणाऱ्या उपकरणाला आयपी व्ही४ वर कुणाशी बोलताच येणार नाही, म्हणून सहसा फायरवॉलही तो अडवत नाही. संगणकावर एनमॅप हे मोफत साधन प्रशासकाच्या अधिकारानं चालवून '-एसएन' हा पर्याय दिला, की ते आपल्या नेटवर्कच्या २५४ पत्त्यांना हाच प्रश्न विचारतं. फोनवरची स्कॅनर ॲप इथे लंगडी पडतात. आयफोन आणि नवे अँड्रॉइड इतर उपकरणांचे मॅक पत्ते ॲपला वाचूच देत नाहीत, त्यामुळे ती बरंचसं अंदाजानं सांगतात.

एका स्कॅनवर निकाल देऊ नये. पडदा बंद असलेला फोन बॅटरी वाचवायला रेडिओ झोपवतो आणि राउटर ठरावीक वेळानं 'मी इथे आहे' असा जो संदेश (बीकन) पाठवतो त्याच्या वेळी, तेही सगळ्या नाही, तेवढा जागा होतो. बीकन साधारण १०२ मिलिसेकंदांनी एक येतो. मधला पुकारा राउटर धरून ठेवतो खरा, पण कधीकधी तो हुकतोच. बॅटरीवरचे सेन्सर तर कित्येक मिनिटं पूर्ण बंद असतात. दिवसातून वेगवेगळ्या वेळी तीन-चार स्कॅन करून निकाल एकत्र करावेत.

तरी एक पत्ता उरलाच, तर त्याचे उघडे पोर्ट, म्हणजे वेगवेगळ्या सेवांचे क्रमांक दिलेले दरवाजे, एनमॅपनं तपासा. हे फक्त आपल्या नेटवर्कवर करायचं. ९१०० उघडा असेल तर बहुधा प्रिंटर, ५५४ म्हणजे बहुधा कॅमेरा, ६२०७८ म्हणजे आयफोन किंवा आयपॅड, ८००९ म्हणजे क्रोमकास्टच्या जातीचं काही. शेवटचा उपाय रांगडा आहे पण चालतो: राउटरमधून तो पत्ता ब्लॉक करायचा आणि घरात काय बंद पडतं ते बघायचं. दाराचं कुलूप, अलार्म किंवा औषधोपचाराचं यंत्र वायफायवर असेल तर मात्र हा प्रयोग नको.

काहीच बंद पडलं नाही आणि पत्ता कुणाचाच नाही, तर पासवर्ड बदला. नुसतं ब्लॉक करून भागत नाही, मॅक पत्ता बदलणं सोपं असतं. सोबत डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ अंकी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक बाकीच्यांवरून ठरतो. म्हणून १० कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ मध्ये उघड झाला, तरी ही सोय आजही अनेक राउटरवर असते. पासवर्ड बदलल्यावर सगळे स्मार्ट दिवे आणि प्लग एकेक करून पुन्हा जोडावे लागतात, हा भुर्दंड आधीच लक्षात घ्यावा.

हरवलेल्या उपकरणाचा तपास उलट्या टोकानं करायचा. आधी ते जोडलं गेलंय का ते बघा. स्वस्त स्मार्ट उपकरणं बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तो बँड बंद असेल तर त्यांना नेटवर्क दिसतच नाही. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर असेल तर जुन्या वस्तूंना नेटवर्क दिसतं पण आत जाता येत नाही. राउटरनं आपोआप १२ किंवा १३ वं चॅनेल निवडलं, तर काही उपकरणं ते ऐकतच नाहीत. १, ६ किंवा ११ हाताने लावून बघा.

जोडलं गेलंय पण चालत नाही आणि आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो? मग त्याला डीएचसीपीकडून उत्तर मिळालेलं नाही. हा पत्ता त्यानं स्वतःच घेतलाय. वाटायचे पत्ते संपले असण्याची शक्यता बरीच. राउटरला ५० च पत्ते वाटायला दिलेले असतील आणि मॅक बदलणारे फोन दरवेळी नवा घेत असतील, तर नोंदवही भरते. पत्त्यांची संख्या वाढवा किंवा लीज कमी करा.

उपकरण चालतं पण फोनला किंवा संगणकाला सापडत नाही, तेव्हा दोघांचे आयपी पत्ते शेजारी ठेवून बघा. एकाचा १९२.१६८.०, दुसऱ्याचा १९२.१६८.१ असेल तर घरात बहुधा दोन राउटर एकामागे एक पत्ते वाटतायत. दुसऱ्याला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाकलं की दोघं एकत्र येतात. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं एकमेकांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात. फोनवर व्हीपीएन चालू असेल तरीही असंच होऊ शकतं. काही रिपीटर (वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारी उपकरणं) आपल्यामागच्या सगळ्यांना स्वतःचाच मॅक पत्ता लावतात. तेव्हा यादीत चार आयपी पत्त्यांपुढे एकच मॅक दिसतो, आणि हरवलेला टीव्ही त्या चारांतला एक असतो.

ओळख पटली की राउटरमध्येच त्या ओळीला नाव द्या आणि प्रिंटरसारख्या वस्तूंचा पत्ता 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये मॅकशी बांधून टाका. मॅक स्टिकरवरून उतरवताना जरा जपून. टीव्ही आणि प्रिंटरवर बरेचदा दोन पत्ते छापलेले असतात, एक केबलच्या जोडणीचा, एक वायफायचा, आणि फरक कधीकधी फक्त शेवटच्या चिन्हाचा असतो.