सन १७०७ : सनावळीतल्या एका ओळीमागे

शाळेत घोकलेल्या सनावळीत १७०७ पुढे एकच ओळ असते : औरंगजेबाचा मृत्यू. त्यातही तारखेचा घोळ. जुन्या पुस्तकांत २० फेब्रुवारी, नव्यांत ३ मार्च. दिवस मात्र एकच. पहिली तारीख ज्युलियन कालगणनेची, दुसरी ग्रेगोरियन. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनीच चालवली, म्हणून ही दोन खाती.

बादशहा अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत वारला, खुलताबादेत त्याचे दफन झाले आणि गादीसाठी मुलांची जुंपली. आझमशहा घाईने उत्तरेला निघाला. १६८९ साली रायगड पडल्यापासून मोगलांच्या कैदेत असलेले शाहू त्याच्याबरोबर होते. मोगल सरदार झुल्फिकारखानाच्या सल्ल्याने त्यांना भोपाळजवळ दोराह्याला सोडण्यात आले. यात औदार्य कसले, सरळ हिशेब होता : शाहू दक्षिणेत पोचले की ताराबाईंशी वारशाचा तंटा लागणार आणि मराठे घरातच गुंतणार. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवले, त्या सुटल्या १७१९ साली. जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊला आझमच मारला गेला. ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरवले. पण ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि पारडे फिरले. तरी मोगलांचा हिशेब अगदीच चुकला नाही. सातारा आणि कोल्हापूर या दोन मराठी गाद्यांचा तंटा मिटायला १७३१ चा वारणेचा तह उजाडावा लागला.

इकडे ही धामधूम, तिकडे १ मे रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड एक राज्य झाले. त्याच ऑक्टोबरात त्यांच्या आरमाराची चार जहाजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांच्या खडकांवर फुटली. अॅडमिरल शॉव्हेलसह हजारावर माणसे बुडाली. समुद्रात रेखांश कसा काढायचा हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला, आणि १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी मोठे बक्षीस लावले.

जन्मांच्या बाबतीत हे साल भलतेच उदार. एप्रिलमध्ये बासेलला गणिती ऑयलर, मे महिन्यात स्वीडनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, सप्टेंबरात फ्रान्समध्ये निसर्गअभ्यासक ब्युफाँ. आपल्या आंब्याचे ‘मँजिफेरा इंडिका’ हे शास्त्रीय नाव लिनियसचेच.

जपानमध्ये २८ ऑक्टोबरला प्रचंड भूकंप झाला आणि ४९ दिवसांनी, १६ डिसेंबरला, फुजी पर्वत फुटला. एदो, म्हणजे आजचे टोकियो, तिथवर राख पडली. त्यानंतर फुजीचा उद्रेक झालेला नाही.

शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यात १२ जानेवारी १७०८ ला झाला, म्हणून सनावळीत तो पुढच्या साली जातो.