किटसाठी सोल्डर घेताना आधी फ्लक्स पाहा

इलेक्ट्रॉनिक किट जोडायला घेतलं की सोल्डरिंग आयर्न किती वॉटचं घ्यावं याची भरपूर चौकशी होते. सोल्डरची, म्हणजे वितळवून भाग जोडायच्या मिश्रधातूची तार मात्र दुकानदार देईल ती घेतली जाते. जॉइंट पक्का होणार की कच्चा राहणार, हे बरंचसं त्या तारेवर ठरतं.

रिळावर 60/40 किंवा 63/37 असं छापलेलं असतं. पहिला आकडा कथिलाचा, दुसरा शिशाचा. शुद्ध कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं 327 अंशांना. पण 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं एकत्र केलं, तर ते मिश्रण 183 अंशांनाच वितळतं आणि थंड होताना त्याच तापमानाला थेट घट्ट होतं. 60/40 मात्र सुमारे 190 ते 183 अंशांदरम्यान लापशीसारखं अर्धवट घट्ट असतं. नेमका तेव्हाच रेझिस्टरसारख्या घटकाचा तारेचा पाय हलला, तर जॉइंट कमकुवत राहतो. म्हणून नवख्या हातांना मी 63/37 च सुचवेन, जाडी 0.7 ते 0.8 मिलिमीटर.

आता फ्लक्स. तांब्यावर हवेमुळे ऑक्साइडचा थर चढतो आणि त्यावर वितळलेलं सोल्डर पसरत नाही, गोळी होऊन बसतं. हा थर काढण्याचं काम फ्लक्सचं. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो तो याचसाठी. पण भांडं नंतर खळखळून धुता येतं. सर्किट बोर्डवर नवसागर किंवा झिंक क्लोराइड असलेला फ्लक्स वापरला, तर घटकांखाली उरलेले क्लोराइड दमट हवेत तांबं खात राहतात. पत्र्याच्या कामाचा आम्लयुक्त फ्लक्स बोर्डजवळ आणूच नये.

इथे राळेचा गुण कामी येतो. पाइनच्या झाडापासून मिळणाऱ्या या राळेत मुख्यतः ॲबिएटिक आम्ल असतं. थंड असताना ती घट्ट, जवळजवळ निष्क्रिय आणि विद्युतरोधक असते. तापली की वितळते, आम्ल कामाला लागतं, ऑक्साइड निघून जातो. गार झाली की पुन्हा निष्क्रिय. मला हे रसायनशास्त्र फार देखणं वाटतं. किटसाठीच्या तारेच्या पोटातच ही राळ भरलेली असते. म्हणूनच आयर्नच्या टोकावर सोल्डर घेऊन ते जॉइंटला फासू नये, वाटेतच राळ जळून जाते. आधी पॅड (बोर्डवरचा तांब्याचा ठिपका) आणि घटकाचा पाय दोन्ही तापवावेत, मग तार तिथेच टेकवावी.

युरोपीय संघाने जुलै 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आणले. कथील, चांदी आणि तांब्याचं शिसेमुक्त सोल्डर 217 ते 220 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे आयर्न जास्त तापवावं लागतं आणि नवख्याला ते जड जातं. तरी घरात लहान मूल असेल तर मी तेच घेईन. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. ते पोटात जातं बोटांवाटे, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. दिसतो तो धूर राळेचा, पण त्यानेही दमा होऊ शकतो. टेबलावर छोटा पंखा लावून हा धूर चेहऱ्यापासून दूर न्यावा.